अ‍ॅडमिन असिस्टंटच्या नोकरीचे क्रेडिट मिळवायचे आहेत, फॉर्मवर उद्दिष्टं काय लिहू?

आवक_जावक

नमस्कार मंडळी. मी वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि एका ऑफिसात अर्धवेळ अ‍ॅडमिन असिस्टंट म्हणून काम करते. सकाळी कॉलेज, दुपारी ऑफिस. पुढच्या सत्रात आम्हाला कार्यानुभवाचा विषय घेता येतो. वर्ग नसतो. नोकरीच्या ठिकाणी काम करायचं, तिथल्या वरिष्ठांनी देखरेख ठेवायची, कॉलेजमधल्या मार्गदर्शकांनी अधूनमधून भेटायचं आणि शेवटी अहवाल तपासायचा. याचे चार क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी धरले जाणारे श्रेयांक, मिळतात.

माझं घोडं फॉर्मवर अडलंय. त्यात एक रकाना आहे: ‘सत्राअखेर तुम्हाला काय करता येईल?’ तीन ते पाच उद्दिष्टं लिहायची, प्रत्येकापुढे ते कसं तपासणार ते लिहायचं आणि खाली वरिष्ठांची सही घ्यायची. आमच्या मॅडमना फॉर्म दाखवला तर म्हणाल्या, ‘तुला हवं ते लिही, मी सही करते.’ त्या स्वभावाने फार चांगल्या आहेत, पण त्यांच्या टेबलासमोर सतत कोणीतरी उभं असतं.

माझं काम असं: फोन घेणं, भेटायला आलेल्यांना योग्य माणसाकडे पाठवणं, टपालाची आवक-जावक नोंद, मीटिंग रूमचं बुकिंग, तीन साहेबांची कॅलेंडरं, बैठकांचं इतिवृत्त टाइप करणं, फायलिंग, स्टेशनरीची मागणी. घरी सगळे विचारतात, फोन उचलण्याचे क्रेडिट कोण देतं? मला मात्र वाटतं की या कामातून मी बरंच शिकतेय, फक्त ते कागदावर उतरवता येत नाहीये.

आणखी दोन शंका. मी इथे आधीपासून नोकरी करते, तर ती चालेल का, की नवीन जागा शोधावी लागेल? आणि मला पगार मिळतो, त्याने काही अडतं का? कोणी हे केलं असेल तर सविस्तर सांगा, प्लीज.

पदवीनंतर

मी केलंय. आधी तुझ्या शंकांबद्दल. आहे ती नोकरी बहुतेक ठिकाणी चालते, पण ‘या सत्रात नवीन काय शिकणार’ हे विचारतातच. पगार मिळणं आमच्याकडे आड आलं नाही. तुमच्या विषयाच्या नियमांत बघून घे, काही अभ्यासक्रमांत पगारी आणि बिनपगारी कामाच्या अटी वेगळ्या असतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मंजुरी आधी, तास नंतर. फॉर्मवर सगळ्या सह्या होऊन विषयाची नोंदणी झाली की मगच तास मोजायला लागतात. आधी केलेलं काम मागाहून धरा म्हणून सांगता येत नाही. आमच्या बॅचमधल्या एकाचे सुट्टीतले सगळे तास असेच गेले.

आणि एका क्रेडिटला किती तास ते विचारून घे. भारतात २०२३ च्या नॅशनल क्रेडिट फ्रेमवर्कमध्ये वर्षाचे १२०० तास आणि ४० क्रेडिट असा हिशेब आहे, म्हणजे क्रेडिटला ३० तास. त्या हिशेबाने तुझ्या चार क्रेडिटचे १२० होतात. पंधरा आठवड्यांचं सत्र धरलं तर आठवड्याला आठ तास. युरोपातल्या पद्धतीत क्रेडिटला २५ ते ३० तास धरतात. अमेरिकेत वर्गातला एक तास आणि त्याबाहेरच्या अभ्यासाचे दोन, असं पंधरा आठवडे, म्हणजे साधारण ४५. त्यामुळे बाहेरदेशी शिकणाऱ्या कोणाचा आकडा ऐकून घाबरू नकोस. मार्गदर्शकांच्या भेटी आणि अहवाल लिहिण्याचा वेळ त्या तासांत धरतात की नाही, तेही विचार.

जुनी_फाईल

मी बरीच वर्षं कॉलेजात याच विषयाचं काम पाहिलं. विद्यार्थ्यांचे फॉर्म मंजूर करणं, त्यांच्या ऑफिसात जाऊन वरिष्ठांशी बोलणं, अहवाल तपासणं, सगळं. त्याआधी स्वतः ऑफिसात अ‍ॅडमिनचं काम केलं होतं. त्यामुळे तुझा प्रश्न वाचून राहवलं नाही, थोडं लांबण लागेल. माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाची आहेस म्हणून तूच म्हणते.

घरच्यांना सांग की हा प्रकार काही नवीन नाही. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर नावाच्या प्राध्यापकांनी १९०६ साली अभियांत्रिकीच्या २७ विद्यार्थ्यांना घेऊन हे सुरू केलं. मुलं काही काळ वर्गात, काही काळ कारखान्यात, आळीपाळीने. व्यवसायातल्या कितीतरी गोष्टी फळ्यासमोर बसून शिकताच येत नाहीत आणि कारखान्यात नुसतं राबून त्यामागचं कारण कळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. जे यंत्रावर काम करणाऱ्याला लागू, ते टेबलावर काम करणाऱ्यालाही लागू आहे. अ‍ॅडमिनच्या कामात कौशल्य नसतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी ते काम नीट झालेलंच पाहिलेलं असतं. ते बिघडलं की ऑफिसचं काय होतं हे त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

आता फॉर्म. क्रेडिट मिळतात ते काम करताना जे शिकलीस आणि शिकल्याचं दाखवू शकलीस त्याचे. तास ही फक्त पात्रता. हे एकदा पक्कं झालं की उद्दिष्टं सुचायला लागतात. माझ्याकडे येणाऱ्या फॉर्मवर हमखास ‘कार्यालयीन कामकाजाची माहिती घेणे’ असं लिहिलेलं असायचं. माहिती घेतली की नाही हे मी तपासू कशी? असा फॉर्म मी परत पाठवायची.

तुझ्या यादीतलं एकच काम घेऊ, इतिवृत्त. तू लिहिलंयस, ‘टाइप करणं’. म्हणजे बहुधा कोणीतरी टिपणं देतं आणि तू ती स्वच्छ करतेस. या सत्रात बैठकीत बसून स्वतः टिपणं घ्यायची परवानगी माग. पहिल्या खेपेला तू सगळं लिहायला जाशील: अमुक म्हणाले, त्यावर तमुक म्हणाले. तीन पानं होतील आणि कोणी वाचणार नाही. इतिवृत्त वाचणाऱ्याला तीन गोष्टी हव्या असतात: काय ठरलं, कोणी करायचं, कधीपर्यंत. चर्चा तेवढीच लिहायची, जेवढी ते का ठरलं हे कळायला लागते.

अवघड भाग इथेच आहे. बैठकीत निर्णय कधीच ‘आता निर्णय’ असं सांगून येत नाही. कोणीतरी म्हणतं, ‘मग बघू या तसं करून’, दोघं मान डोलावतात आणि विषय पुढे सरकतो. ठरलं का? कोण बघणार? कधी? त्या क्षणी तू हलक्या आवाजात विचारायचंस, ‘हे कोणाच्या नावावर लिहू?’ एवढ्या प्रश्नाने खोलीत शांतता होते आणि मग खरोखर नाव ठरतं. टिपणं घेणारी व्यक्ती बैठकीला शिस्त लावू शकते ती अशी. सुरुवातीला धीर होत नाही, म्हणून मॅडमना आधी सांगून ठेव की मी असं विचारणार आहे.

मग उद्दिष्ट असं होतं: ‘तासाभराच्या नियमित बैठकीचं इतिवृत्त, निर्णय, जबाबदार व्यक्ती आणि मुदत यांसह, मी स्वतंत्रपणे तयार करून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वरिष्ठांना देईन.’ तपासणार कसं? प्रत्येक कच्च्या मसुद्यावर मॅडम लाल पेनाने ज्या दुरुस्त्या करतील, ते कागद तारीख घालून जपून ठेव. सत्राच्या सुरुवातीचा आणि शेवटचा मसुदा शेजारी ठेवले की मार्गदर्शकांना वेगळं काही सांगावंच लागत नाही.

फायलिंगचंही तसंच. ‘फायली व्यवस्थित ठेवणे’ असं लिहू नकोस. चांगल्या फायलिंगची कसोटी म्हणजे तू रजेवर असताना दुसऱ्याला कागद सापडतो का. कॉम्प्युटरवरच्या फायलींना ‘नवीन पत्र फायनल २’ अशी नावं असतील तर नाही सापडणार. नावाच्या सुरुवातीला तारीख घाल, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, महिना आणि दिवस नेहमी दोन आकडी. असं केलं की नावाप्रमाणे लावलेली यादी आपोआप तारखेप्रमाणे लागते. दिवस आधी लिहिला तर सगळ्या महिन्यांच्या एक तारखा एकत्र येऊन बसतात. त्यापुढे कोणाचं पत्र आणि विषय, दोन-तीन शब्दांत. हा नियम एका पानावर लिहून काढ आणि सहकाऱ्याला काही जुनी पत्रं शोधायला सांग. तो न विचारता शोधू शकला तर उद्दिष्ट साधलं. ते पान अहवालाला जोड.

स्प्रेडशीटचं काम करत नसशील तर एखादं मागून घे, कारण तिथे शिकण्यासारखं पुष्कळ आहे. नुसत्या पत्त्यांच्या यादीतच किती खाचा असतात बघ. शून्याने सुरू होणारा क्रमांक टाइप केला की पुढचं शून्य गळून जातं, म्हणून तो रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून घ्यावा लागतो. ४ मार्चसाठी ४/३ अशी लिहिलेली तारीख दुसऱ्या सेटिंगच्या कॉम्प्युटरवर ३ एप्रिल होते. त्या यादीवरून पत्रं छापायच्या आधी पहिलं, शेवटचं आणि मधलं कोणतंही एक उघडून मूळ यादीशी ताडून पाहायचं. हे कळलेल्या माणसाच्या हातून आणि न कळलेल्या माणसाच्या हातून जाणाऱ्या पत्रांमध्ये फार फरक असतो. पत्र ज्याला मिळतं त्याला तो लगेच दिसतो.

कॅलेंडरबद्दल आत्ता लिहीत नाही. तीन साहेबांची कॅलेंडरं हा स्वतंत्र विषय होईल.

शेवटी रोजनिशी. ती बहुतेक सगळे शेवटच्या आठवड्यात एका बैठकीत लिहून काढतात आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं, सगळ्या दिवसांची शाई आणि सूर एक असतो. डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये अनुभवातून शिकण्याचं एक चक्र मांडलं: प्रत्यक्ष अनुभव, त्यावर मागे वळून विचार, त्यातून एखादा नियम काढणं आणि तो नियम पुढच्या वेळी वापरून पाहणं. रोजनिशीत याच चार गोष्टी यायला हव्यात. ऑफिस सुटताना चार ओळी पुरतात. ‘आज फोन घेतले, टपाल नोंदवलं’ ही हजेरी झाली. ‘फोनवरचा निरोप दिला, पण त्यांना उत्तर कधीपर्यंत हवंय ते साहेबांनी विचारलं आणि मला माहीत नव्हतं. निरोप घेताना हे विचारायलाच हवं. उद्यापासून निरोपाच्या चिठ्ठीवर तशी एक ओळ वाढवते.’ ही रोजनिशी.

तिसरा_मजला

वरच्या ताईंनी कॉलेजची बाजू इतकी छान सांगितली आहे की मी फक्त ऑफिसची सांगतो. माझ्या हाताखाली असे विद्यार्थी येतात.

‘तुला हवं ते लिही’ असं वरिष्ठ म्हणतात तेव्हा त्यांना तुमच्याबद्दल आस्था नाही असं समजू नका. आपल्या अंगावर नक्की किती काम येणार हे त्यांना माहीत नसतं, म्हणून ते दारातच थांबवतात. तेव्हा कोरा फॉर्म घेऊन जाऊ नका. उद्दिष्टांचा मसुदा लिहून न्या आणि खाली त्यांच्याकडून काय हवंय ते मोजकं लिहा: दर पंधरवड्याला पंधरा मिनिटं, सत्राच्या मध्यावर एकदा आणि शेवटी एकदा मूल्यमापनाचा फॉर्म. पंधरा मिनिटांची वेळ त्यांच्या कॅलेंडरवर तुम्हीच टाकून ठेवा, तुमचंच काम आहे ते. आणि त्या वेळी हातात एक कागद असू द्या. ‘माझं काम कसं चाललंय?’ असं विचारलं तर ‘छान चाललंय’ हेच उत्तर येणार. ‘या पत्रातला दुसरा परिच्छेद तुम्ही का बदललात?’ असं विचारलं तर जे उत्तर येईल, त्यात तुम्हाला त्या माणसाचा वर्षानुवर्षांचा अनुभव मिळतो. मला हे प्रश्न विचारणारे विद्यार्थी आवडतात. उत्तर देताना मलाही विचार करावा लागतो.

एक गोष्ट अगदी गांभीर्याने घ्या. अहवालाला ऑफिसची खरी कागदपत्रं जोडू नका. तुमच्या टेबलावरून लोकांचे पगार, रजेचे अर्ज, तक्रारी, फोन नंबर जात असतात. ते कॉलेजच्या हाती जाणं बरोबर नाही. काहीजण नावांवर काळी पट्टी ओढून जोडतात. कॉम्प्युटरवर नुसता काळा चौकोन ठेवला तर खालचा मजकूर तसाच राहतो, कोणीही तो निवडून कॉपी करू शकतं. त्यापेक्षा त्याच धर्तीचा नमुना नव्याने तयार करा, काल्पनिक नावं आणि तारखा घालून. लाल पेनाच्या दुरुस्त्या दाखवायच्या असतील तर त्या मार्गदर्शकांना ऑफिसातच दाखवा, ते भेटीला येतातच. काय बाहेर नेता येईल हे मॅडमना विचारून त्यांचं उत्तर लेखी घ्या. गोपनीयता सांभाळणं हे या नोकरीचं अर्धं अंग आहे, तेही उद्दिष्टांत घालता येईल.

जुनी_फाईल

कागद जोडण्याबद्दल तिसरा_मजला म्हणतात ते अगदी बरोबर. मी वर सांगितलेल्या इतिवृत्ताच्या मसुद्यांनाही तेच लागू. ते ऑफिसातच राहू देत, मार्गदर्शकांना तिथेच दाखव.

आवक_जावक

सगळ्यांचे मनापासून आभार. आईलाही वाचून दाखवलं.

काल मसुदा घेऊन मॅडमकडे गेले. त्यांनी उभ्याउभ्या वाचायला घेतला आणि मग खुर्चीत बसल्या. इतिवृत्ताला लगेच हो म्हणाल्या, दर आठवड्याच्या आढावा बैठकीत मला बसवणार आहेत. पंधरवड्याची वेळही दिली. पगारपत्रकांना मात्र हात लावू देणार नाहीत म्हणाल्या, ते ठीकच आहे.

आत्ताची उद्दिष्टं अशी आहेत, बघाल का?

एक, इतिवृत्त (ताईंनी सांगितलं तसंच).
दोन, सर्व फायलींची नवीन पद्धतीने मांडणी करणे.
तीन, तीन वरिष्ठांच्या कॅलेंडरचं नियोजन सुधारणे.
चार, संवादकौशल्य वाढवणे.

जुनी_फाईल

मॅडम बसल्या हे वाचून फार बरं वाटलं.

पहिलं पक्कं. दुसऱ्यातला ‘सर्व’ काढ. आठवड्याला आठ तासांत, रोजचं काम सांभाळून, जुन्या सगळ्या फायली होणार नाहीत आणि सत्राअखेर अपुरं राहिलेलं काम घेऊन बसशील. चालू वर्षाचा पत्रव्यवहार एवढंच घे. जुन्या कागदांना हात लावण्याआधी कोणते किती वर्षं ठेवायचे याचा ऑफिसचा नियम विचारून घे आणि एकही कागद स्वतःच्या अधिकारात फाडू नकोस.

तिसऱ्यात ‘सुधारणे’ म्हणजे काय? सध्या बिघाड कुठे होतो ते आधी शोध. एकाच वेळी दोन बैठका लागतात का? एक संपते त्याच मिनिटाला दुसरी सुरू होते, म्हणून साहेब दिवसभर उशिरा धावतात का? पुढे ढकललेल्या भेटीची नवी वेळ कोणी कळवतच नाही का? पहिले दोन आठवडे फक्त नोंद ठेव: कोणती भेट हलली, का हलली, कोणाला कळवायचं राहिलं. त्यातून जे सगळ्यात जास्त वेळा दिसेल तेच उद्दिष्ट. फॉर्म त्याआधी द्यायचा असेल तर असं लिही: ‘तिन्ही कॅलेंडरमधल्या बदलांची दोन आठवडे नोंद ठेवून वारंवार होणारी एक अडचण निश्चित करेन, वरिष्ठांच्या संमतीने उपाय लागू करेन आणि सत्राच्या शेवटच्या दोन आठवड्यांत तशीच नोंद ठेवून तुलना करेन.’ प्रत्येक साहेबांना स्वतंत्र विचार की त्यांची कोणती वेळ कधीच हलवायची नाही आणि कोणाचा निरोप आला तर बैठकीतही चिठ्ठी आत पाठवायची. तिघांची उत्तरं वेगळी येतील. ती एका पानावर लिहून तुझ्या ड्रॉवरमध्ये ठेव. तुझ्या जागी बदली कोणी बसलं तर ते पान त्याला सगळ्यात आधी लागेल.

चौथं उद्दिष्ट या शब्दांत कोणीही मंजूर करू नये. तुझ्याकडे फोन आहे, तोच घे. निरोपाच्या चिठ्ठीवर पाच गोष्टी: कोण, कुठून, नंबर, काम काय, उत्तर कधीपर्यंत. नंबर लिहून घेतला की समोरच्याला परत वाचून दाखवायचा, दरवेळी, ओळखीचा आवाज असला तरी. उद्दिष्ट लिही: ‘घेतलेल्या निरोपावर पुन्हा फोन करून माहिती विचारण्याची वेळ वरिष्ठांवर येणार नाही.’ तपासणी म्हणजे महिन्यातून एकदा तिघांनाही विचारायचं की असं किती वेळा झालं, आणि ते सांगतील तो आकडा, चांगला वाईट जो असेल तो, अहवालात घालायचा. चिडलेल्या माणसाचा फोन आला तर काय केलंस तेही रोजनिशीत येऊ दे. त्यावर मार्गदर्शकांशी बोल, अशा फोनवरून शिकण्यासारखं खूप असतं.

आणि तिसरा_मजला म्हणाले ते गोपनीयतेचं पाचवं घाल. ‘कोणती माहिती कोणाला द्यायची, याचे ऑफिसचे नियम मॅडमकडून समजून घेऊन लिहून काढेन आणि फोनवर व समोर माहिती मागणाऱ्यांना त्याप्रमाणे उत्तर देईन.’ हे तपासायला मॅडमचा शेरा पुरेल.

एवढं बदलून सही घे आणि फॉर्म जमा कर. मंजुरी आणि नोंदणी झाली की तुझी प्रत शिक्का मारून परत घ्यायला विसरू नकोस, तास त्या तारखेपासून मोजतील.